सहा घासांचा संयम

आमच्या बस्तीत हल्ली माझं फार कौतुक होतं. बेळगावात आम्ही जैन लोक देवळाला बस्ती म्हणतो आणि वयानं मोठ्या बाईला अक्का. दशलक्षण पर्वात संयमधर्माच्या दिवशी प्रवचन झालं की हमखास कुणीतरी म्हणतं, "अक्का, संयम शिकावा तर तुमच्याकडनं. पंगतीला बसता, पण पानात बघावं तर चिमणीचा चारा!" हे ऐकून मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. कारण म्हणणाऱ्यांपैकी निम्म्या जणींना ठाऊक नाही आणि उरलेल्या विसरून गेल्यात, की दोन वर्षांपूर्वी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे. माझ्या पोटात जागाच नाही. गाडी भरली म्हणून कंडक्टर आणखी माणसं घेत नाही, तेव्हा त्याला कुणी विरक्त म्हणत नाही. मग मला का म्हणावं?

याच्या उलट बाजूही मला चांगली आठवते. माझं वजन ११८ किलो होतं तेव्हा मी भाद्रपदात सोळाकारण व्रताची एकाशनं केली होती. म्हणजे महिनाभर दिवसातून एकदाच जेवण. दशलक्षणात उपवासही केले होते. तेव्हा याच पंगतीत कुजबुज चाले, "इतके उपास करते म्हणे, मग अंगावर कसं दिसत नाही?" त्यावेळी भूक खरी होती, डोळ्यांसमोर अन्न होतं, घरात स्वयंपाक मीच करत होते आणि तरी जेवत नव्हते. तो संयम कुणाला दिसला नाही. आज भूक अर्धी, पोट चिमुकलं, आणि संयम सगळ्यांना दिसतो.

बाई तीच आहे. मनही बरंचसं तेच आहे. बदललं ते फक्त पोटाचं माप. मग संयम नेमका कुठं राहतो, पोटात की आणखी कुठं? दोन वर्षं हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. तो केवळ माझा आहे असंही नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्के बायकांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळलं. म्हणजे चौघींत जवळजवळ एक. त्या प्रत्येकीला कुणी ना कुणी "जरा तोंडावर ताबा ठेव" असं सांगितलंच असणार.

आधी शस्त्रक्रिया म्हणजे काय ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं बोलणं हवेत राहील. माझी बायपास झाली, हृदयाची नव्हे, जठराची. चौदा वर्षांचा मधुमेह होता, गुडघे गेले होते, रात्री झोपेत श्वास अडकत होता. यात जठराच्या वरच्या टोकाला स्टेपल मारून साधारण ३० मिलिलिटरची, दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी वेगळी करतात. मग लहान आतडं थोडं पुढं जाऊन कापतात आणि त्याचं टोक वर आणून या पिशवीला जोडतात. बाकीचं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा तुकडा पोटातच राहतो, पाचक रस तयार करत राहतो, पण अन्न त्या वाटेनं जात नाही. अन्न आणि रस यांची भेट होते ती खाली, पुढच्या वळणावर. लठ्ठपणासाठी जठराची पहिली बायपास अमेरिकेत आयोवा इथल्या एडवर्ड मेसन या सर्जननं १९६६ साली केली. अल्सरमुळं ज्यांच्या जठराचा भाग काढावा लागे, त्यांचं वजन उतरतं आणि सहसा परत चढत नाही, हे तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. त्यानंतर पद्धत खूप बदलली. आता दुर्बिणीतून, पोटावर पाचसहा छोटी छिद्रं पाडून ती करतात.

आता जठराच्या खालच्या तोंडाशी एक झडप असते. पाणपोईवरच्या माणसासारखी ती अन्न थोडं थोडं पुढं सोडते. माझ्या वाटेवर ती झडपच राहिली नाही. त्यामुळं गोड काही खाल्लं की ते थेट आतड्यात जाऊन पडतं, आतडं त्याच्याकडं शरीरातलं पाणी ओढून घेतं, आणि दहा मिनिटांपासून अर्ध्या तासाच्या आत पोटात कळा, छातीत धडधड, दरदरून घाम, मग जुलाब, आणि शेवटी भिंतीला टेकून बसावं असा थकवा. डॉक्टर याला डम्पिंग म्हणतात. आमच्या बेळगावचा कुंदा तुम्हाला माहीत असेल. भाचीच्या साखरपुड्यात चमचाभर कुंदा जिभेवर ठेवला होता, आणि अंगठ्या घालेपर्यंत मी आतल्या खोलीत आडवी झालेली होते. दुसरी तऱ्हा उशिराची. खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी शरीर घाईघाईनं भरमसाट इन्सुलिन सोडतं, रक्तातली साखर एकदम खाली जाते, हात कापतात, डोळ्यांपुढं अंधारी येते, आपण काय बोलतोय ते आपल्यालाच उमगत नाही.

पोटाला सांभाळायचं शास्त्र मी हळूहळू शिकले. घास सुपारीएवढा, तो वीस-पंचवीस वेळा चावायचा. आधी डाळ, उसळ, पनीर, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. दूध पचेना, म्हणून दही. संत्र्याची फोड सालीसकट गिळायची नाही, तिचा चोथा गोळा होऊन अडकतो. दिवसाला साठ ग्रॅम तरी प्रथिनं पोटात जायला हवीत. अंडी आम्ही खात नाही, तेव्हा मूग, मटकी, चवळी, सोयाबीन आणि दुधापासून केलेली पावडर. ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर, कारण लोह आणि कॅल्शियम जिथं जास्त शोषलं जातं तो आतड्याचा तुकडाच वाटेतून वगळलेला आहे, आणि ब-१२ शोषायला जो जठररस लागतो तो अन्नाला वेळेवर भेटत नाही. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊन चालत नाही, मध्ये दोन तास जावे लागतात. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं, ते प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून करतात, म्हणून मी दुकानदाराकडं दाबता येणारी कॅप्सूल नको, साधी गोळी द्या म्हणून हटून बसते.

हे सगळं मला सूर्योदय ते सूर्यास्त यातच बसवायचं असतं. डिसेंबरात आमच्याकडं सात वाजता उजाडतं आणि सहाला मावळतं. अकरा तासांत पाच वेळा खाणं, त्यामध्ये घोटघोट करून दोन लिटर पाणी, खाणं आणि पाणी एकमेकांपासून लांब, लोह आणि कॅल्शियम एकमेकांपासून लांब. रेल्वेचं वेळापत्रक लावणाऱ्या माणसाबद्दल मला आता फार आदर वाटतो. आणि गंमत बघा, जी बाई पूर्वी महिनाभर दिवसातून एकदा जेवत होती ती आता पर्वातसुद्धा पाच वेळा खाते. लांबचे उपवास डॉक्टरांनी बंद केलेत. म्हणजे शास्त्राच्या हिशेबानं माझं तप कमी झालं, आणि लोकांच्या हिशेबानं वाढलं.

आपल्याकडं बाह्य तपाचे सहा प्रकार सांगितलेत. पहिलं अनशन, म्हणजे उपवास. दुसरं अवमौदर्य, ज्याला ऊनोदरीही म्हणतात, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणं. जुन्या ग्रंथांत त्याचं मापही दिलं आहे. पुरुषाचा पोटभर आहार ३२ घासांचा आणि बाईचा २८ घासांचा धरला आहे. त्यातून एक घास कमी केला तरी अवमौदर्य, आणि कमी करत करत एका घासापर्यंत यावं. मला हा हिशेब लहानपणापासून आवडतो. उपवासाला मोठेपणा असतो, पारण्याचा सोहळा असतो. एक घास कमी खाल्लेला कुणालाच कळत नाही.

शस्त्रक्रियेनंतर मी हा हिशेब पुन्हा मांडला. पहिले काही महिने दोन चमचे कढण म्हणजे जेवण होतं. आता पिशवी थोडी सैल झाली आहे, सुपारीएवढे नव्हे, आपले साधे घास धरले तर सहा मावतात. म्हणजे २८ मधले २२ घास मी रोज, पाचही वेळा, सोडते आहे. ग्रंथाच्या मापानं केवढं मोठं तप! पण मी ते सोडते आहे का? ते माझ्यापाशी नाहीतच. ज्याच्याकडं शेत नाही त्यानं शेतीचा त्याग केला असं म्हणत नाहीत. माझं भरलेलं पोटच आता सहा घासांचं आहे. मला अवमौदर्य करायचं असेल तर ते सहाच्या आतून करावं लागेल.

मग जे बावीस घास सुटले त्यांचं काय? ते नुसते वाया गेले का? इथं आपल्या शास्त्रात एक बारीक शब्द आहे, अकाम निर्जरा. इच्छा नसताना सोसावं लागलेलं दुःख, आणि त्यातून होणारा कर्माचा थोडासा क्षय. टीकाकारांनी उदाहरण कैद्याचं दिलं आहे. बंदिखान्यात त्याला भूक सोसावी लागते, तहान सोसावी लागते, जमिनीवर झोपावं लागतं, ब्रह्मचर्यसुद्धा आपोआप पाळलं जातं. बाहेरून बघाल तर मुनींची चर्या. पण त्यानं ती निवडलेली नाही. मला बरं वाटतं ते असं, की आपले आचार्य त्या कैद्याला पार झिडकारत नाहीत. त्याच्या सोसण्यालाही काहीतरी मोल आहे असं ते म्हणतात. फक्त त्याला तप म्हणत नाहीत.

मी कैदी आहे का? नाही म्हणावं तर पोटाला कुलूप आहे. हो म्हणावं तर कुलूप मी स्वतः लावून घेतलं, शुद्धीत असताना, संमतिपत्रावर सही करून. मग मला वाटलं, व्रतही असंच असतं की. माणूस शहाणपणाच्या वेळी नियम घेतो तो पुढच्या कमकुवत वेळेसाठी. आज भिंत बांधतो, उद्या त्या भिंतीला टेकतो. तर माझी शस्त्रक्रिया म्हणजे मांसात कोरलेला एक नियमच का मानू नये?

बराच काळ मी या उत्तरावर समाधान मानून होते, पण ते पुरत नाही. नियम कुठल्याही क्षणी मोडता येतो. तो मोडता येतो म्हणून तर रोज नव्यानं पाळावा लागतो, आणि त्या पाळण्यातच त्याचं सगळं मोल आहे. टाका तसा नाही. मी झोपले असले तरी तो आपलं काम करतो. रागात असले, लोभात असले तरी करतो. माझ्या मनाला न विचारता जे काम होतं, त्याचं श्रेय मनाला कसं द्यायचं?

पण थांबा, यातही एक पोटभेद आहे. टाका सगळंच अडवतो असं नाही. भाकरीचा सातवा घास तो अडवतो. पण वितळलेलं आईस्क्रीम अडवत नाही, ते सरळ खाली उतरतं. फरसाण अडवत नाही, दर दहा मिनिटांनी चिमूट चिमूट खाल्लं तर दिवसभरात पावभर जातं. ज्यांना डम्पिंगचा त्रास फारसा होत नाही त्यांना तर गोडही अडत नाही. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी वजन परत चढतं ते बऱ्याचदा याच चोरवाटांनी. डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "आम्ही तुमच्या पोटावर काम करणार. डोक्यावर नाही."

म्हणजे माझ्याभोवती तुरुंग नाही, कुंपण आहे, आणि कुंपणाला फटी आहेत. हे कळलं आणि मला हायसं वाटलं. लोकांना ही गोष्ट निराशेची वाटेल, मला आशेची वाटली. फटी आहेत म्हणजे माझ्या हातात अजून काहीतरी उरलं आहे.

हातात काय उरलं आहे हे मी बघू लागले. पहिले सहासात महिने भूक अशी लागतच नव्हती. घड्याळ बघून खायचं. त्या काळात मला वाटलं, सुटले एकदाची! पण भूक नव्हती तरी जीभ जागी होती. मी भरपूर रांधू लागले. मांडे, पुरणपोळ्या, खव्याच्या करंज्या. मुलाच्या पुढ्यात ताट ठेवून "अजून एक घे रे" म्हणत समोर बसायचे आणि तो घास कसा चावतो ते बघत राहायचे. माझ्या तोंडानं खाता येत नव्हतं म्हणून त्याच्या तोंडानं खात होते. एक दिवस तो हसून म्हणाला, "आई, तुझं पोट कापलं, आता माझं वाढवतेस काय?" तप या शब्दात मला जे अपेक्षित होतं ते यात कुठंच नव्हतं. खाणं सुटलं होतं, खाण्याची आस तशीच होती. रसपरित्याग हे वेगळं तप का सांगितलं असेल ते मला तेव्हा समजलं. पोट भरणं आणि चव घेणं या दोन वेगळ्या ओढी आहेत, आणि सर्जनला त्यातली एकच सापडते.

सगळ्यात अवघड प्रसंग रात्रीचा. संध्याकाळी सव्वापाचला शेवटचं खाणं, आणि साखर खाली जायची ती साडेसात-आठला. तोवर अंधार पडलेला. सूर्यास्तानंतर काही न खाण्याचा नियम मी लग्नाआधीपासून पाळत आले. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी माजघरात कापत बसले होते आणि तोंडानं "नको नको" म्हणत होते. माझ्या थोरल्या जाऊबाई तीस वर्षं रात्री पाणीसुद्धा घेत नाहीत, दिवेलागणीनंतर स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. त्या उठल्या, आत गेल्या, दिवा लावला आणि साखरपाणी करून आणलं. म्हणाल्या, "नियम माझा मी पाळते की. तुझ्या गळ्यात धोंडा कशाला? पी आधी, मग बोल." मी प्यायले.

नंतर डॉक्टरांनी संध्याकाळचं खाणं बदलून दिलं. भात आणि भाकरी कमी, डाळ आणि पनीर जास्त. त्रास पुष्कळ कमी झाला. तरी वर्षातून चारदोनदा वेळ येते, आणि तेव्हा त्यांनी सांगितलेली चमचाभर ग्लुकोज मी घेते, मागून चार बदाम चावते. हे योग्य की अयोग्य यावर मी पुष्कळ विचार केला. रात्रिभोजन नको म्हणतात त्याची मुळं दोन. अंधारात न दिसणाऱ्या जिवांची हिंसा होऊ नये, आणि खाण्याची आसक्ती दिवसापुरती तरी बांधली जावी. शरीर कोसळत असताना घेतलेल्या चमचाभर ग्लुकोजमध्ये आसक्ती कुठली? पण मी स्वतःला फार मोकळीकही देत नाही. "औषध म्हणून" या शब्दांच्या आडून काय काय आत येतं ते सगळ्या बायकांना ठाऊक आहे. म्हणून मी ग्लुकोजच घेते, ज्यात मला काडीची चव नाही. त्या जागी चिक्की घ्यावीशी वाटेल तेव्हा समजायचं, आजार पोटाचा राहिला नाही.

आपल्या सोळा भावनांमध्ये शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप अशा दोन आहेत. त्याग शक्तीप्रमाणे, तप शक्तीप्रमाणे. या शब्दाला दोन्हीकडून धार आहे. आहे ती शक्ती लपवून आळस करू नये, आणि नाही ती शक्ती आणून शरीर मोडू नये. आपल्या बायकांना पहिली धार सगळे दाखवतात, दुसरी कुणी दाखवत नाही. सोसणं आपल्याला बाळकडूतूनच मिळतं. अशा शस्त्रक्रियेनंतर रोज उलट्या होत असतील तर ते सोसायचं दुखणं नाही. दिवसेंदिवस उलट्या होत राहिल्या की शरीरातलं ब-१ जीवनसत्त्व संपतं. मग तोल जातो, एकाचे दोन दिसतात, माणूस बरळायला लागतो, आणि उपचाराला उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा राहते. उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर पित्ताचे खडे असू शकतात, वजन भराभर उतरताना ते होतात. एकदम असह्य पोटदुखी उठली तर रात्र आहे, पर्व आहे, घरात पाहुणे आहेत हे बघत बसू नये. बावीस परीषहांमध्ये भूक आहे, तहान आहे, रोगही आहे. पण तिथं सांगितलं आहे ते समभावानं सोसणं. घरच्यांपासून दुखणं लपवणं यात समभाव नसतो, भीती असते किंवा भिडस्तपणा.

पंगतीतल्या आग्रहाचंही यातच येतं. आपल्याकडं आग्रह हे प्रेम मानतात, आणि ते असतंही. पण ज्या बाईचं पोट सहा घासांचं आहे तिच्या पानात सातवा वाढणं म्हणजे तिला न्हाणीघरात पाठवणं आहे. पूर्वी मी पान भरलेलं ठेवून उठायची आणि अन्न टाकल्याचं वाईट वाटायचं. आता वाढायच्या आधीच सांगते, "माझं पोट ऑपरेशनचं आहे हो, चमचाभरच वाढा." लाज वाटत नाही. उलट सांगितलं की दोन गोष्टी टळतात, अन्न वाया जाणं आणि खोटं कौतुक.

तर मग माझ्या वाट्याला संयम म्हणावा असं काही उरतं का? मला वाटतं, एक जागा उरते. सहावा घास बहुतेक वेळा दुखवतो. पोट भरल्याची खबर उशिरा पोचते, तोवर घास अडकलेला असतो आणि छातीत दगड बसल्यासारखं होतं. म्हणून मी पाचव्याला थांबते. या थांबण्यात काही पुण्य नाही, तो नुसता व्यवहार आहे. पोळलेलं पोर चुलीपासून लांब राहतं तसं. पण काही दिवस वेगळे असतात. मुगाचं धिरडं मऊ झालेलं असतं, वर तुपाचा थेंब असतो, पोट शांत असतं, आणि सहावा घास सुखानं जाईल हे मला आतून कळतं. भीती नाही. कुणी बघत नाही. एका घासानं वजनाच्या काट्यावर काही फरक पडणार नाही. त्या दिवशी कधी कधी मी पाचव्याला थांबते. तेवढंच मी माझ्या खात्यावर मांडते. आणि कधी कधी सहावा खाते, चवीनं खाते, त्याचंही दुःख करत नाही.

या हिशेबानं गेल्या महिन्यात माझं तप किती झालं म्हणाल तर तीन घास. पंगतीत माझ्या शेजारी बसणाऱ्या एखाद्या स्थूल मुलीचं कदाचित तीस घास झालं असेल. तिला मात्र कुणी विचारायला जात नाही, कारण तिच्या अंगाकडं बघून सगळ्यांनी उत्तर आधीच काढलेलं असतं. कुणाचं पोट किती मोठं, कुणाची भूक किती, कुणाच्या रक्तात कुठलं संप्रेरक कमी आणि कुठलं जास्त, हे बाहेरून दिसत नाही. कोण किती सोडतं आहे हे तर त्याहून दिसत नाही.

माझ्या भावाची मुलगी तिशीत आहे, वजन शंभराच्या वर, साखर वाढू लागली आहे. ती मला विचारते, "आत्या, मी करून घेऊ का?" मी तिला हो म्हणत नाही, नको म्हणत नाही. ते डॉक्टरांनी आणि तिनं ठरवायचं. मी एवढंच सांगते. माझी मधुमेहाची औषधं जवळजवळ सुटली, बस्तीच्या पायऱ्या मी आता कठडा न धरता चढते, आणि यासाठी मी त्या शस्त्रक्रियेची ऋणी आहे. गोळ्या जन्मभर आहेत, रक्ततपासणी दर वर्षी आहे, त्याचा खर्च आधी धरून ठेव. चावून खायला आत्तापासून शीक. आणि एक गोष्ट लक्षात ठेव. आज लोक तुला बघून म्हणतात हिला ताबा नाही. उद्या तुला बघून म्हणतील हिला काय संयम आहे! त्यांना दोन्ही वेळा तुझं पोटच दिसत असणार. तू पहिलं मनावर घेऊ नकोस आणि दुसरंही घेऊ नकोस.